धुऱ्यावरची मुंगी गेली, ती परत का येत नाही?

मुंग्या कमी होतायत, असं गावात कोणाला सांगून पाहा. लगेच साखरेचा डबा पुढे करतील. लेकराच्या हातून बिस्किटाचा तुकडा पडला की पाच मिनिटांत रांग लागते, मग कमी झाल्या कुठे?

प्रश्न रास्त आहे, आणि सगळा घोळही तिथेच आहे. भारतात मुंग्यांच्या आठशेवर जाती-उपजातींची नोंद आहे. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या माणसामागे, धान्याच्या पोत्यांमागे, कुंड्यांच्या मातीतून जगभर पसरल्या. भिंतीची फट, नळाजवळची ओल, दाराचा उंबरा, कुठेही संसार थाटतात. जमीन जितकी उकरली, तुडवली, भिजवली जाईल तितकं त्यांचं फावतं. बाकीच्या शेकडो जाती घरात पाऊल टाकत नाहीत. कोणी मुरमाड गायरानावर गवताचं बी गोळा करते, कोणी पाचोळ्याखाली राहते, कोणी फक्त वाळवीच्या मागावर असते. या जाती गावशिवारातून एकेक करून निघून जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण रांग तर दिसतेच आहे. मुंग्या तेवढ्याच, जाती कमी.

जात जगात शिल्लक आहे, पण जिथे पूर्वी होती त्या शिवारात आता नाही, याला स्थानिक लोप म्हणतात. याचं नीट तपासलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे ‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं फुलपाखरू १९७९ साली नाहीसं झालं. त्याची अळी आधी रानटी थाइम या सुगंधी झुडपाच्या फुलांवर वाढते, मग जमिनीवर उतरते. मिर्मिका वंशाची लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून घरात नेते, आणि अळी आत बसून मुंग्यांचीच पिल्लं खाते. फुलपाखरू वाचावं म्हणून काही ठिकाणी कुंपणं घातली होती, तरी ते गेलं. जेरेमी थॉमस या संशोधकाने कारण शोधलं. अळीला मिर्मिका सॅब्युलेटी ही एकच जात मानवते आणि त्या मुंगीला उन्हाने तापलेली, दोन-तीन सेंटिमीटर गवताची जमीन लागते. चराई थांबली होती. १९५०च्या दशकात रोगाने ससेही मेले. गवत वाढलं, माती दोन-तीन अंशांनी थंड पडली आणि त्याच वंशाची दुसरी मुंगी तिथे येऊन बसली. दिसायला जवळपास तशीच. ज्याला फक्त ‘लाल मुंगी’ दिसते त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. पुढे चराई पुन्हा सुरू करून, गवत छाटून जमीन पूर्ववत केली आणि १९८३ पासून स्वीडनहून फुलपाखरं आणून सोडली, तेव्हा जम बसला.

आपल्याकडे थंडी-उन्हाचं गणित वेगळं आहे, पण चाल तीच.

विदर्भाची काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत कायमचं खोल घर टिकवणं मुंगीला अवघड. म्हणून मुंग्यांचा खरा मुक्काम वावराच्या मधोमध नसतो. तो असतो धुऱ्यावर म्हणजे बांधावर, पांदणीच्या कडेला, बोरी-बाभळीच्या बुडाशी, नाल्याच्या काठावर, बरड टेकाडावर आणि झुडपी जंगलात. कागदोपत्री ‘पडीक’ लिहिलेली ही जमीन मुंग्यांच्या हिशेबात गावठाण आहे.

धान्य साठवणारी मुंगी घ्या. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं उभी असलेल्या कोरड्या माळावर तिचं बीळ ओळखायला सोपं. बोट जाईल एवढं भोक आणि भोवती तुसाचं कडं. जवळ बसून पाहिलं तर एक कामकरी बी ओढत आत जाते, दुसरी आतून रिकामं टरफल आणते, कड्याच्या बाहेरच्या अंगाला टाकते आणि माघारी वळते. खळ्यावर उपणणी झाल्यावर भुसा एका बाजूला पडतो, तसं. पावसात कोठार भिजलं तर बी बाहेर काढून वाळवतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यात हे पाहून १८३५ साली छापलं आणि त्या मुंगीला ‘भविष्याची तरतूद करणारी’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. या मुंगीला काय लागतं ते सोपं आहे. वर्षभर कोणतं ना कोणतं गवत बियाला येत राहिलं पाहिजे आणि बीळ मोडता कामा नये. धुऱ्यावर तणनाशक मारलं की मुंगी त्या दिवशी मरत नाही. मरतं गवत. कोठारात बी असेतो वसाहत चालते, मग पिल्लांचं पोट भरत नाही आणि दोन-तीन हंगामांत बीळ मुकं होतं. तोवर फवारणीची आठवणही कोणाला उरलेली नसते.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. मुंग्यांची संख्या मोजताना मुंगी मोजायची नसते, वसाहत मोजायची असते. वसाहत म्हणजे झाड आणि कामकरी म्हणजे त्याची पानं. अंडी घालणारी राणी बहुतेक जातींत एक, नाहीतर मोजक्या. धुऱ्यावर पाच हजार मुंग्या दिसत असतील आणि बिळं तीन असतील, तर त्या जातीची तिथली लोकसंख्या तीन. तीन कोणत्याही वर्षी शून्यावर येऊ शकते.

शिवाय राणी मेली तरी बीळ लगेच ओस पडत नाही. कामकरी आपलं आयुष्य पुरं करतात, कित्येक महिने ये-जा चालू राहते. राण्या दीर्घायुषी असतात. लॅसियस नायगर या युरोपीय जातीची राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांवर जगल्याची नोंद आहे. म्हणजे एखाद्या शिवारात जुन्या राण्या जिवंत आहेत, बिळं हलती आहेत, पण दहा वर्षांत एकही नवी राणी रुजलेली नाही, असं असू शकतं. वरून सगळं आबादीआबाद. मोठी माणसं आहेत, पाळणा हलत नाही, अशा गावासारखं.

पाळणा का हलत नाही, ते मृगात कळतं.

मरण आलं की मुंगीला पंख फुटतात, ही म्हण निरीक्षणातूनच आली असणार. पंख फुटतात ते लग्नासाठी. आपल्याकडच्या अनेक जातींच्या तरुण राण्या आणि नर पहिल्या चांगल्या पावसानंतर उडतात. मिलन झालं की नर मरतात. राणी खाली उतरते, स्वतःचे पंख उपटते आणि ओल्या मातीत एकटीच खोली खणते. पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिली पिल्लं पोसते. त्या आठवड्यांत ती वर येत नाही. पक्षी, सरडे, बेडूक, दुसऱ्या मुंग्या यांच्या तावडीतून शेकड्यातली एखादीच सुटते, म्हणून म्हणही खोटी नाही.

आता तारखा जुळवून पाहा. राणी खोली खणते तो काळ पेरणीचा. पहिली खोली सहसा वीतभर खोलीच्या आतच असते. बैलाचा वखर आणि डवरा माती वरवर हलवतात, रोटाव्हेटर दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत पीठ करतो. जुन्या वसाहतीची राणी खाली खोलात असते, ती वाचते. नवी राणी थेट पात्यात येते. तास धुऱ्यालाच भिडवायची सवय लागली आणि हातभर रुंदीचा धुरा वीतभर उरला, तिथे हे दरवर्षी घडतं. त्यात रात्री उडणाऱ्या जाती हायमास्टच्या दिव्याखाली जमतात, डांबरावर उतरतात आणि सकाळी पंखांचा केर झाडला जातो. पहिल्या दोन-तीन पावसांच्या संध्याकाळी शिवारातला झगमगाट बंद ठेवला तर पैसा जात नाही, उलट बिल वाचतं.

इथवर सांगितलं ते उडणाऱ्या राण्यांचं. त्यांना निदान शेजारच्या शिवारातून हवेतून येता येतं. दुर्मीळ जातींची खरी अडचण पुढे आहे.

काही जातींत राणीला पंखच नसतात, आणि डायाकॅमा या वंशात तर राणीच नसते. ही काळसर, लांब पायांची, अंगावर बारीक रेघा कोरलेली शिकारी मुंगी पानझडी जंगलात जमिनीत राहते. प्रत्येक मादी कामकरी म्हणूनच जन्मते आणि प्रत्येकीच्या छातीवर कळीसारखे दोन बारीक उंचवटे असतात. वसाहतीतली वरचढ मादी नव्याने जन्मलेल्या प्रत्येकीचे हे उंचवटे चावून तोडते. ते तुटले की तिचा स्वभाव बदलतो, ती नराशी मिलन करत नाही आणि जन्मभर कामाला लागते. उंचवटे शाबूत असलेली एकटीच अंड्यांची मालकीण. वसाहत वाढली की दोन वाटण्या होतात आणि एक वाटणी चालत नव्या जागी जाते. वाट माहीत असलेली मुंगी पुढे, दुसरी तिच्या मागे तिला शिंगांनी स्पर्श करत, अशा जोडीजोडीने सगळी बिऱ्हाडं हलतात.

नर उडतो, पण नर एकटा वसाहत वसवत नाही. त्यामुळे अशी जात कुठेही नव्याने पोचते ती पायी, वाटणी-वाटणीने, वर्षाकाठी काही मीटर. मध्ये चारशे मीटर उघडं, नांगरलेलं, फवारलेलं वावर असेल तर तिच्यासाठी तो समुद्र आहे. लेप्टोजेनिस या वाळवीखाऊ वंशातल्या अनेक जातींची आणि आंधळ्या लष्करी मुंग्यांची कथा थोड्या फरकाने हीच: राणी बिनपंखी, वसाहत फुटून वाढणार.

एखादा वणवा लागला, एखादं वर्ष कोरडं गेलं, एखादा तुकडा जेसीबीने सपाट झाला तर वसाहती मरणारच. असे घाव पूर्वीही बसत होते. फरक इतकाच की पूर्वी शेजारच्या झुडपी जंगलातून, पांदणीच्या काटेरी कुंपणाच्या सावलीने, नाल्याच्या काठाने त्याच जातीच्या वाटण्या पुन्हा सरकत येत आणि रिकामी जागा भरत. आता पांदण रुंद झाली, कुंपण गेलं, नाला सरळ झाला. जात गेली यात नवल नाही. तिची परतीची वाट बुजली, हे मूळ दुखणं. आमच्या मते ‘काय मारलं’ याची यादी करत बसण्यापेक्षा ‘परत कुठून येईल’ हा प्रश्न आधी विचारावा.

तुकडा लहान झाला की आतूनही पोखरण सुरू होते. मुंग्यांत फलित अंड्यातून मादी आणि बिनफलित अंड्यातून नर होतो, असं आपण शिकतो. त्याला एक पोटनियम आहे. अनेक जातींत मादी होण्यासाठी एका ठरावीक जनुकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या असाव्या लागतात. आई-बापाकडून सारखीच प्रत आली तर फलित अंड्यातूनही नर निघतो, आणि तो बहुधा निकामी असतो. मोठ्या लोकसंख्येत प्रतींचे प्रकार भरपूर, म्हणून असं क्वचित घडतं. तीन-चार वसाहतींच्या तुकड्यात नात्यातच लग्नं होतात. राणीची एक प्रत नराच्या प्रतीशी जुळली तर तिची निम्मी फलित अंडी वाया. नव्या वसाहतीत पहिल्या मोजक्या कामकऱ्यांवर सगळं अवलंबून असतं. तिथे निम्मे हात कमी पडले तर ती उभीच राहत नाही.

विषाबद्दल थोडक्यात. बीटी कापसाचं बी बहुधा इमिडाक्लोप्रिड लावूनच येतं. हे औषध झाडाच्या रसात उतरतं, मावा-तुडतुड्याच्या चिकट गोडव्यातून मुंगीच्या पोटात जाऊ शकतं. त्याच गटातल्या थायामेथोक्झामची अत्यल्प मात्रा लॅसियस नायगरच्या वसाहतींना ६४ आठवडे देऊन पाहिली, तेव्हा पहिल्या हिवाळ्याआधी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत कामकरी आणि अळ्या दोन्ही घटल्या होत्या. म्हणून ‘फवारल्यावर आठ दिवस पाहिलं, मुंग्या ठीक होत्या’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

आणि एक न रुचणारी गोष्ट. गायरानावर सरसकट झाडं लावणं मुंग्यांच्या सगळ्याच जातींना मानवत नाही. उघड्या गवताळ माळावरच्या मुंगीला ऊन लागतं. सलग चर खणून, दाट रोपं लावून, चराई बंद करून पाच वर्षांत माळ सावलीत गेला की इंग्लंडच्या त्या मिर्मिकासारखंच होतं. घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली तरी तेच. उलट पाचोळ्यात राहणाऱ्या जातींना सावली हवी, त्यांना एप्रिल-मेची आग मारते. म्हणून आधी तिथे काय आहे ते पाहावं, मग ठरवावं.

पाहायचं कसं? खर्च फार नाही, चिकाटी लागते. प्लॅस्टिकचे साधे ग्लास घ्या, तोंड सहा-सात सेंटिमीटरचं. दर दहा मीटरवर एक, असे २० ग्लास सरळ रेषेत पुरा. काठ मातीच्या बरोबर सपाट हवा. दोन मिलिमीटरही वर राहिला तर बारक्या मुंग्या वळसा घालून जातात. पुरल्यावर पाच-सहा दिवस झाकण लावून ठेवा, कारण ताज्या उकरलेल्या मातीकडे मुंग्या जास्त ओढल्या जातात आणि आकडा फुगतो. मग झाकण काढून एक तृतीयांश पाणी, चिमूटभर मीठ आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसला तर मुंग्या पाण्यावर तरंगत काठाला लागतात. वर तीन खड्यांवर कौलाचा तुकडा ठेवा, पाऊस आणि बेडूक दोन्ही आवरतात. ४८ तासांनी गोळा करा. शेळ्या ग्लास उपटतात, तेव्हा चराईची वाट टाळा.

गूळपाण्याचा बोळा ठेवून मोजणं सोपं वाटतं, पण त्यावर दांडग्या जाती पहिल्या दहा मिनिटांत कब्जा करतात. दुर्मीळ जात समोर असून येत नाही. बोळा दादागिरी कोणाची ते सांगतो, यादी देत नाही. पाचोळ्यातल्या जातींसाठी एक चौरस मीटर पाचोळा सेंटिमीटरभर जाळीच्या चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळा आणि अर्धा तास बसून पाहा. मेल्यासारख्या पडून राहणाऱ्या जाती उशिरा हलतात, घाई केली की त्याच सुटतात.

नमुने स्पिरिटमध्ये ठेवा आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आतच टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. दहापट भिंगातून कमरेच्या गाठी पाहा, एक की दोन. फोटो तीन हवेत: वरून, बाजूने आणि चेहरा समोरून. जात ठरवायला जाणकाराचीच मदत घ्यावी. जुन्या यादीशी ताडताना नावांचा घोटाळा सांभाळा. बिंगहॅमच्या १९०३च्या ग्रंथात धान्य गोळा करणारी एक मुंगी होल्कोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स आहे. तीच मध्ये मोनोमोरियममध्ये गेली आणि आता ट्रायकोमिर्मेक्समध्ये आहे. हे माहीत नसेल तर जुन्या यादीतली जात ‘गेली’ आणि नवी ‘आली’ असं कागदावर दिसेल, जमिनीवर काहीच झालेलं नसताना.

‘नाही’ म्हणण्याआधी किती फेऱ्या? समजा जात तिथे आहे आणि एका फेरीत ती सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. म्हणजे हुकण्याची ६० टक्के. दोन फेऱ्या हुकण्याची शक्यता ३६ टक्के, तीन फेऱ्या २२, सहा फेऱ्या सुमारे ५ टक्के. एकदा जाऊन आलेल्याने ‘आता नाही’ म्हणणं म्हणूनच धाडसाचं. या सहा फेऱ्या एकाच महिन्यात करू नका. दोन उन्हाळ्यात, त्यातली एक रात्री. दोन पहिल्या पावसानंतर. दोन दिवाळीच्या आसपास.

जात अजून आहे असं निघालं तर काम किरकोळ आहे. धुऱ्याचा मीटर-दीड मीटर पट्टा नांगर आणि पंप दोन्हींपासून सोडायचा. तो मधेच तुटका नको, नाल्याला किंवा झुडपी जंगलाला जाऊन भिडलेला हवा. दोन शेजाऱ्यांनी मिळून सोडला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच येतो. धुरा पेटवायचा नाही. पडलेलं लाकूड तिथेच राहू द्यायचं. गवत फार वाढलं तर बी गळून गेल्यावर कापायचं. आणि बीळ उकरून ‘सुरक्षित’ जागी नेण्याचा उद्योग करायचा नाही. खोलातली राणी हाती लागत नाही, हाती लागतात कामकरी, म्हणजे पानं.

गावाची लोकजैवविविधता नोंदवही असेल तर मुंग्यांसाठी एक पान मागून घ्या. त्यात ‘या मुंग्या आता नाहीत’ असं मोघम वाक्य नको. तारीख, जागा, ग्लास २०, तास ४८, ऊन की आभाळ, शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी, धुरा शेवटचा कधी फवारला, आणि जातीच्या नावापुढे शून्य. रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्यावरून पुढच्या माणसाला कळत नाही की मुंगी नव्हती, की कोणी पाहिलंच नव्हतं.